विजयदुर्गावरील हौशी निरीक्षक

विजयदुर्गातील ‘साहेबाचे कट्टे’ पाहावयास गेलेल्यास हटकून सांगतात की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबाने येथूनच हेलियम शोधिला. कथा गोड, पण खोटी. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते. तेथेच, ग्रहणावाचून, २० ऑक्टोबरला त्यांनी सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास, आणि खरे कौतुक त्याच प्रसंगाचे. हाताशी मदतनीस होते ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील खलाशी. ताऱ्यांशी ज्यांचा संबंध दिशा पाहण्यापुरता! त्यांची आधी तालीम घेण्यात आली. खग्रासाची जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात कोणी यंत्रापाशी, कोणी सूर्यकिरीटाचे चित्र रेखाटण्यात गढून गेला.