पहिलं सत्र सांभाळा



कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्यांवरून दरवर्षी बारावी झालेली मुलं-मुली कर्जतच्या, खोपोलीच्या कॉलेजांत दाखल होतात. त्यातली बरीच जण घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. प्रवेशाचे पेढे आपण वाटतो. पण खरी जोखीम पुढच्या चार-पाच महिन्यांत असते. कॉलेज सोडतो असं मूल सांगत नाही. आधी दोन दिवस खाडा, मग आठवडा, आणि शेवटी परीक्षेचा फॉर्मच भरलेला नसतो.

कारणं वाडीवर जाऊन पाहावीत. पावसात ओहोळ भरला की खाली रस्त्यावर उतरता येत नाही. सकाळचं लेक्चर गाठायचं म्हणून पोरगी कोऱ्या चहावर निघते, ती दुपारपर्यंत उपाशी असते. भातकापणी आणि पहिल्या सत्राची परीक्षा हातात हात घालून येतात, तेव्हा शेतावर घरच्यांना माणूस हवं असतं. अशा मुलाला अभ्यासाची आवड नाही म्हणणं अन्यायाचं आहे. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की फोन करा. रागवायला नको, ‘काय अडलंय?’ एवढं विचारायला करा. आणि कॉलेजात सकाळी पोटभर नाश्ता मिळेल अशी सोय करा.

पालकांनो, आता कागदांचं. नर्सिंग, फार्मसी, इंजिनीअरिंगला जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. आजोबा शाळेत गेले नसतील तर दाखला कुठून आणणार? गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची जुनी नोंद शोधा. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद फार मोलाची. सख्ख्या चुलत्याकडे वैधता असेल तर तीही जोडा. केवळ चालीरीतींच्या प्रश्नोत्तरांवर जमातीचा दावा ठरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्याच प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरा आणि बँक खातं आधारला जोडलंय ना, ते आधी तपासा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात ‘स्वयं’ योजनेची चौकशी करा. जेवणाखाण्याचा आणि राहण्याचा खर्च त्यातून मिळू शकतो.

आणि मनाचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आश्रमशाळेत होती म्हणून काही मुलं वाचली, घरची माणसं मात्र गेली. ती मुलं आता कॉलेजच्या वयाला येत आहेत. जुलैत पावसाची झड लागली की अशा मुलाचं वर्गात चित्त राहणार नाही, हे शिक्षकाला ठाऊक असायला हवं. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निर्देश आहे. आपल्या कॉलेजात तो आहे का, हे पालकसभेत विचारा. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ हा टेलिमानस हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

वाडीतल्या पदवीधर दादा-ताईंनो, तुमच्यावर माझी सगळ्यात मोठी भिस्त आहे. यंदा कॉलेजात गेलेलं एक मूल तुम्ही निवडा. त्याचा फॉर्म सोबत बसून भरा, आणि पहिली परीक्षा होईपर्यंत दर रविवारी त्याच्याशी बोला.