महामार्गाचे रुंदीकरण आणि पेण-रोह्याची कोंडी

(पेण येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता रुंद केला की वाहतुकीची कोंडी सुटते, ही समजूत इतकी सर्वमान्य आहे की तिच्याविषयी शंका घेणाऱ्यास रस्त्याचा विरोधक ठरविले जाते. माझा तसा हेतू नाही. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाची निकड या सभागृहात कोणाला समजावून देण्याची गरज नाही. पूर्वीच्या 17 व आताच्या 66 क्रमांकाच्या या राष्ट्रीय महामार्गावर जाणारी व येणारी वाहने एकमेकांना घासून जात आणि समोरासमोर टकरी होत. दुभाजक असलेला रस्ता हवाच होता. 2011 साली हाती घेतलेले हे काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या अवधीत पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड येथील रहिवाशांनी खड्डे आणि धूळ यांचा जो जाच सोसला, त्याची मोजदाद कोणत्याही अहवालात सापडायची नाही. तथापि आज विचारावयाचा प्रश्न पुढचा आहे. या रस्त्याने मिळणारी मोकळीक किती काळ टिकेल?

वडखळचे उदाहरण घ्या. येथे गोव्याची आणि अलिबागची वाट वेगळी होते. एके काळी या नाक्यावर तासन् तास वाहने खोळंबत. पुढे गावाबाहेरून वळणरस्ता झाला, गोव्याकडील वाहने परस्पर जाऊ लागली आणि नाक्याने मोकळा श्वास घेतला. पण सुटीच्या दिवशी धरमतर खाडी ओलांडून पोयनाडच्या दिशेने जाऊन पाहावे. नाक्यावरची रांग तेथे सरकलेली दिसते. नरसाळ्याचे तोंड मोठे केले म्हणून खालची नळी रुंद होत नाही, हे घरातील गृहिणीसही ठाऊक असते; आपल्या आराखड्यांतून मात्र ते कधी कधी निसटते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. अमेरिकेतील अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1962 सालीच दाखवून दिले की गर्दीच्या वेळचा मोकळा रस्ता फार दिवस मोकळा राहत नाही. त्याचे म्हणणे आपल्या भागाला लावून पाहू. कोंडी टाळण्यासाठी पहाटे पाचला निघणारा माणूस रस्ता सुधारताच सात वाजता निघतो. खोपोली-पालीवरून वाकणला उतरणारा प्रवासी सरळ पेणमार्गे येऊ लागतो. आणि आजवर रेल्वेने जाणारा स्वतःची मोटार बाहेर काढतो. तिघेही एकाच वेळी त्याच रस्त्यावर येतात. 2011 साली ड्युरॅन्टन व टर्नर या दोघांनी अमेरिकन शहरांची दोन दशकांची आकडेवारी तपासली. तेथे महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढली होती. अमेरिकेतील घरटी मोटारींची संख्या आणि आपली परिस्थिती यांत अंतर आहे, हे खरे. पण ते अंतर दरवर्षी कमी होत आहे.

शिवाय पेण आता केवळ वाटेवरचे गाव राहिलेले नाही. 2013 साली अधिसूचित झालेल्या ‘नैना’ क्षेत्रात या तालुक्यातील गावे आली. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. गणेशमूर्तींसाठी देशोदेशी ओळखले जाणारे हे गाव मुंबईचे उपनगर होऊ पाहत आहे. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांची गर्दी वर्षातून काही दिवसांची असते. उपनगराची गर्दी रोज सकाळी नऊ वाजता होते. पहिलीसाठी चौपदरी रस्ता उपयोगी आहे, दुसरीला तो पुरणार नाही.

ही दुसरी गर्दी कमी करण्याची साधने दोन आहेत, आणि दोन्ही आपल्या दाराशी आहेत. एक रेल्वे. कोकण रेल्वेचा आरंभच रोह्यापासून होतो. पनवेल ते रोहा मार्ग दुहेरी आहे. 1999 पासून याच रोहा तालुक्यातील कोलाडहून भरलेले ट्रक गाडीवर चढून गोव्यातील वेर्ण्याला जातात. ऑगस्ट 2025 मध्ये मोटारींसाठीही तशी सोय सुरू झाली. इतक्या दूरचा ट्रक रस्त्यावरून उचलता येतो, तर पेणहून पनवेलला रोज जाणारा कारकून का उचलता येऊ नये? दिवा-रोहा मेमू आहे, पण तिच्या फेऱ्या वाढल्याखेरीज नोकरदार तिच्यावर विसंबणार नाही.

दुसरे साधन रस्त्याच्या कडेचे. महामार्ग झाला की कडेला गाळे, धाबे, गॅरेज आणि गृहसंकुलांची प्रवेशद्वारे येतात. डोलवीच्या पोलाद कारखान्याची किंवा धाटावच्या औद्योगिक वसाहतीची अवजड वाहने मिळेल त्या कडेला उभी राहतात. प्रत्येक नवा जोडरस्ता म्हणजे वेगाला एक अडथळा. चार पदरांपैकी दोन असे हळूहळू बाजाररस्ते होतात. राष्ट्रीय महामार्गांसाठी 2002 चा भूमी व वाहतूक नियंत्रण कायदा आहे. त्यानुसार परवानगीवाचून महामार्गाला जोड देता येत नाही. कायदा कागदावर चोख आहे; गावोगाव त्याचे काय होते, हे आपण सर्व जाणतो. येथे सरपंच व सदस्य यांचे काम सुरू होते. कडेच्या गाळ्यांतून पंचायतीला उत्पन्न मिळते, त्यामुळे विरोध करणे सोपे नाही, हे मी नाकारीत नाही. पण तेच गाळे सेवारस्त्याच्या आत घेण्याचा आग्रह ग्रामसभेत बांधकामापूर्वी धरता येतो. इमारत उभी राहिल्यावर तो धरून उपयोग नसतो.

रोह्याचे मित्र येथे आले आहेत. कोलाड नाक्यापासून धाटावमार्गे रोह्याला जाणाऱ्या रस्त्यालगत अजून काही मोकळ्या जागा शिल्लक आहेत. ट्रकतळासाठी त्यांतील एखादी आजच राखून ठेवावी. आणि पेणकरांनी मेमूच्या वेळेशी जुळणारी एस.टी. स्थानकापर्यंत मागावी, त्या मागणीसाठी भूसंपादन लागत नाही.