वनपरिसरातील सार्वजनिक स्नानगृह : रचना आणि जबाबदारी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, अभियंते आणि वनकर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक स्नानगृह हा विषय व्याख्यानासाठी सहसा कोणी निवडीत नाही. धरणे, रस्ते, वीजकेंद्रे यांविषयी आपण उत्साहाने बोलतो. आंघोळीची सोय मात्र अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत येते आणि निधी उरला तरच होते. तरीही आज हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. सातारा आणि सांगली हे जिल्हे जसे तीर्थांचे आहेत, तसेच वनांचेही आहेत. क्षेत्र महाबळेश्वर, सागरेश्वर यांसारख्या स्थळी देवस्थान आणि वन एकमेकांना लागून आहेत. अशा ठिकाणी दर्शनापूर्वी स्नान करू इच्छिणाऱ्या यात्रेकरूची सोय कशी करावी आणि ती करताना वनाचे पाणी कसे राखावे, एवढाच माझ्या विवेचनाचा विषय आहे.

उदाहरणादाखल सागरेश्वर डोळ्यांसमोर ठेवू. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. या गावाजवळील प्राचीन शिवमंदिरांच्या समूहाला श्रावणात, विशेषतः सोमवारी, मोठी गर्दी होते. लगतच सागरेश्वर अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरांवर माणसांच्या श्रमांतून हे वन उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर आहे. पाण्याचा बारमाही नैसर्गिक पुरवठा तेथे नाही. सांबर, चितळ, काळवीट यांना उन्हाळ्यात पाणवठ्यांचाच आधार असतो. अशा परिसरात आडोसा नसेल, तर यात्रेला आलेली स्त्री ओलेत्याने उघड्यावर स्नान करील, नाहीतर स्नानावाचून राहील. आणि सांडपाण्याला वाट नसेल, तर साबणाचे पाणी उतारावरून थेट पाणवठ्याकडे जाईल. स्त्रीची प्रतिष्ठा आणि वनाचे पाणी या दोहोंची जपणूक एकाच वास्तूने करावयाची आहे.

पूर्वजांची दृष्टी

आपल्या भागातील जुन्या बांधकामांकडे या दृष्टीने पाहिले, तर पुष्कळ शिकता येते. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारामोटेची विहीर श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधली. सुमारे ५० फूट व्यासाच्या आणि ११० फूट खोलीच्या या अष्टकोनी विहिरीवर एकाच वेळी बारा मोटा चालत. उतरण्याच्या पायऱ्या, वरचा महाल आणि मोटेची जागा यांची तेथे स्वतंत्र योजना आहे. ही विहीर स्नानासाठी नव्हती, आमराईसाठी होती; परंतु पाण्याचा साठा एका जागी आणि वापर दुसऱ्या जागी, हे तत्त्व तिच्यात स्पष्ट दिसते. आपल्या अनेक गावांत एकापाठोपाठ एक हौद असत. पहिला पिण्याचा, दुसरा धुण्याचा आणि शेवटचा गुरांचा. त्यामागेही हाच विचार होता.

वाईचे आणि मेणवलीचे घाट, क्षेत्र माहुली येथील कृष्णा-वेण्णा संगमावरील घाट आणि हरिपूर येथील कृष्णा-वारणा संगमाचा परिसर यांचे सौंदर्य आपण जाणतोच. मात्र घाट नदीसाठी असतो. वाहती कृष्णा जे वाहून नेई, ते डोंगरातील लहानसा ओढा वाहून नेऊ शकत नाही. म्हणून नदीकाठची रीत वनात जशीच्या तशी चालणार नाही. शिवाय उघड्या घाटावर स्त्रीला आडोसा नसतो. पहाटेचा अंधार हाच तिचा आडोसा.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. पाणी सर्वांचे आहे, हे आपल्या समाजाला झगडून शिकावे लागले. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून हा हक्क प्रस्थापित केला. तेव्हा ‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या फलकावर असेल, तर तो दारातही खरा ठरला पाहिजे.

जागेची निवड

स्नानगृह वनाच्या आत नको, वनाच्या कडेला हवे. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यात येणाऱ्या किंवा तेथून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह परवान्याविना वळविता, अडविता अथवा वाढविता येत नाही. म्हणून जागा हद्दीबाहेर, देवस्थानाच्या किंवा गावाच्या बाजूस, आणि पाणवठ्याच्या उताराखाली असावी. प्राण्यांची पाण्याकडे जाण्याची वाट वनरक्षकाला ठाऊक असते. त्याला विचारल्यावाचून आखणीची दोरी लावू नये.

झाडांची सावली हवीशी वाटते. परंतु वड, पिंपळ यांच्या अगदी बुंध्याशी बांधकाम केल्यास मुळे भिंती फोडतात आणि पाचोळा गटारे तुंबवितो. झाडे राखावीत आणि वास्तू त्यांच्यापासून थोडी दूर सरकवावी.

पाण्याचा आणि माणसांचा हिशेब

रचनेचा आरंभ नकाशाने नव्हे, हिशेबाने व्हावा. यात्रेच्या दिवशी ५०० माणसे स्नान करतील असे धरू. माणशी २० लिटर म्हणजे एका दिवसाला १०,००० लिटर पाणी लागेल. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षात ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ४०,००० लिटर पाणी साठविता येते. म्हणजे स्नानगृहाच्या स्वतःच्या छपरावरील पाणी वर्षातून अशा चार दिवसांना पुरते. श्रावणातील सोमवारही चार, क्वचित पाच. कूपनलिकेवर किंवा टँकरवर पडणारा भार यामुळे बराच कमी होईल.

आता माणसांचा हिशेब पाहू. पाचशेंपैकी निम्म्या स्त्रिया असतील आणि सकाळच्या चार तासांतच सर्वांना स्नान उरकावयाचे असेल, तर तासाला सुमारे ६३ स्त्रिया आणि तितकेच पुरुष येतील. उघड्या ओट्यावरील नळाखाली पुरुषाला आठ मिनिटे पुरतात. नऊ नळांत काम भागते. स्त्रीला लुगडे बदलावयाचे असते आणि बहुधा मुलांनाही न्हाऊ घालावयाचे असते. तिला पंधरा मिनिटे धरली, तर सोळा खोल्या लागतात. दोन्ही बाजूंस सारख्याच खोल्या काढल्या, की नकाशा समतोल दिसतो. पण रांग मात्र स्त्रियांच्याच दाराशी लागते.

सोळा पक्क्या खोल्या बांधणे ग्रामपंचायतीला परवडणार नाही, असे आपण म्हणाल. त्याला उपाय आहे. आठ खोल्या पक्क्या बांधाव्यात आणि शेजारी तेवढ्याच लांबीचा फरसबंदी ओटा, नळ व गटारासह, तयार ठेवावा. यात्रेच्या दिवशी त्यावर कनाती लावून आणखी आठ खोल्या उभ्या करता येतात. एरवी तो ओटा बसण्यास उपयोगी पडतो.

जाणारे पाणी

येणाऱ्या पाण्याची चिंता सर्वजण करतात. जाणाऱ्या पाण्याची करणारा अभियंता विरळा. दहा हजार लिटर पाणी आले, की जवळजवळ तितकेच बाहेर पडणार. आपल्या भागातील काळा कातळ कोठे भेगाळ, तर कोठे अभेद्य असतो. म्हणून शोषखड्ड्याचे माप पुस्तकातून घेऊ नये. जागेवर लहान खड्डा खणून पाणी भरावे आणि ते किती वेळात मुरते ते पाहावे. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १५ मीटर, आणि भेगाळ कातळात त्याहून बराच अधिक, दूर ठेवावा.

सांडपाणी प्रथम जाळीच्या कुंडीत यावे, म्हणजे केस व पाचोळा तेथे अडेल. तेथून ते खडी-वाळूच्या वाफ्यात सोडावे आणि त्या वाफ्यात कर्दळ लावावी. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढविणाऱ्या आपल्या घरातील स्त्रियांना हे शास्त्र नवे नाही. वाफ्यातून निघालेले पाणी हद्दीबाहेरच्या रोपांना द्यावे. कपडे धुण्यास येथे मनाई असावी आणि शांपूच्या पुड्यांसाठी झाकणाची पेटी असावी. कारण वाऱ्याने उडालेली पुडी हरणाच्या पोटात जाऊ शकते.

ऊन पाणी आणि सरपण

१५ लिटर पाणी २० अंशांनी तापविण्यास सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा दहावा हिस्साच उपयोगी पडतो, असे धरले तर एका स्नानाला पाऊण ते एक किलो लाकूड जळते. पाचशे माणसांना चारशे किलोंहून अधिक! ज्या वनासाठी एका पिढीने श्रम वेचले, ते अशा रीतीने चुलीत जाऊ देणे योग्य नव्हे. हिवाळ्यातील यात्रेकरूंसाठी सौर बंब बसवावेत. दिवसाला १०० लिटर ऊन पाण्यास साधारणतः दोन चौरस मीटरचा संग्राहक पुरतो. श्रावणात ऊन नसते. त्या दिवसांत वृद्ध व आजारी यांच्यापुरता एक बंब असावा आणि त्यात शेतातील तुराट्या जाळाव्यात, वनातील काटकी नव्हे.

वास्तू कशी असावी

भिंती स्थानिक काळ्या दगडाच्या असाव्यात. जमिनीला गुळगुळीत फरशी नको. टाकी मारलेला खरबरीत दगड ओला झाला तरी पाय घसरत नाही. उतार दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर असावा. उजेड आणि वारा यांसाठी नजरेच्या उंचीपेक्षा वर झरोके ठेवून त्यांना जाळी बसवावी. माकडांचा आणि सापांचा विचार येथे करावाच लागतो.

स्त्रियांच्या प्रत्येक खोलीचे दोन भाग असावेत. न्हाणीचा भाग ओला, आणि लुगडे नेसण्याचा भाग चार बोटे उंच व कोरडा. आतून कडी, दोन खुंट्या आणि दागिने ठेवण्यास एक कोनाडा, एवढ्या साध्या गोष्टी राहून गेल्यामुळे कित्येक इमारती वापराविना पडून राहतात. प्रवेश पुरुषांच्या ओट्यासमोरून नसावा आणि दारासमोर आडभिंत असावी. एक खोली पायरीविना, रुंद दाराची आणि धरण्यास दांडा असलेली, अशी वृद्ध व अपंग व्यक्तींसाठी राखावी. सूर्यास्तानंतर स्नानगृह बंद करावे. रात्रीचे प्रखर दिवे वन्यप्राण्यांना त्रासदायक ठरतात. आणि बिबट्या ही आपल्या भागात काही नवलाई राहिलेली नाही.

देखभाल

इमारत बांधणे सोपे, ती स्वच्छ ठेवणे कठीण. संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, तो हेच शिकविण्यासाठी. त्यांच्या नावाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू करणारे तत्कालीन ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील हे सांगली जिल्ह्यातील अंजनीचे. या परंपरेला साजेशी व्यवस्था आपण करावी. बांधकामाचे अंदाजपत्रक करतानाच पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम निराळी दाखवावी. गावातील महिला बचत गटाकडे रोजचे काम सोपवावे आणि त्याचा मोबदला नियमाने द्यावा. ग्रामपंचायत, देवस्थान आणि वन विभाग यांनी जाळीची कुंडी कोणी उपसावी, वाफा कोणी पाहावा आणि टाकी कोणी धुवावी, हे नावानिशी लिहून भिंतीवर लावावे. सर्वांची म्हणून सोडलेली जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

मित्रहो, मी सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट आपल्या अभियंत्यांच्या आणि गवंड्यांच्या आवाक्याबाहेरची नाही. आपण येथून परत गेल्यावर आपापल्या गावच्या देवस्थानाजवळील वनाची कडा एकदा पायी फिरून पाहावी. यात्रेच्या दिवशी किती माणसे येतात ते मोजावे, पाणी कोठून येते आणि कोठे जाते ते पाहावे, आणि गावातील चार स्त्रियांना त्यांची अडचण विचारावी. नकाशा त्यानंतर काढावा. तसे झाले, तर यात्रेकरू समाधानाने स्नान करील आणि त्याच डोंगरावरचे हरिणही निर्धास्तपणे पाणी पिईल.