ऐकून घेण्याचा धडा

अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नॅसर यास २०१८ च्या जानेवारीत लैंगिक अत्याचारांबद्दल ४० ते १७५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पीडित मुलींपैकी काहींनी वडीलधाऱ्यांस पूर्वीच सांगितले होते. कोणी मनावर घेतले नाही. म्हणून हा धडा प्रथम मोठ्यांनी गिरवावयाचा आहे. तेथील सेफस्पोर्ट केंद्राने तो संगणकावर उपलब्ध केला आहे. अल्पवयीन खेळाडूंशी नित्य संबंध येणाऱ्या प्रशिक्षकांस तो पुरा करावा लागतो. शिस्त कोठे संपते, छळ कोठे सुरू होतो, संशय येताच कोणास कळवावे, हे त्यात शिकवितात. आपल्याकडेही २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा गुन्हा पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. आपल्या क्रीडाशिक्षकांस असा पाठ मराठीतून मिळावा. आणि मूल बोलू लागले की त्याचे पुरते ऐकून घ्यावे, हे त्यात आरंभीच सांगावे.