तारीख कधी आली अन् कधी गेली?

दोस्तांनो, व्हिडिओ इफेक्टला महागडा कॉम्प्युटर लागतो, हा समज आधी सोडा. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह फुकट मिळतं. पहिल्या दिवशी फक्त कीफ्रेम शिका. समजा, 'शिष्यवृत्तीचा अर्ज' ही पाटी डावीकडून आत आणायचीय. सुरुवातीला ती पडद्याबाहेर ठेवून एक कीफ्रेम लावा, एका सेकंदानंतर मधोमध आणून दुसरी. सेकंदाला 25 फ्रेम असतील, तर मधल्या सगळ्या जागा सॉफ्टवेअर स्वतः काढतं. पाटी धाडकन थांबते? शॉटकटमध्ये कीफ्रेम लिनिअरऐवजी स्मूथ करा, मग ती अलगद टेकते.

माझा पहिला व्हिडिओ अम्मीला दाखवला. पाट्या फिरत होत्या, चमकत होत्या. ती म्हणाली, "बेटा, तारीख कधी आली अन् कधी गेली?" शेवटची तारीख जेमतेम दीड सेकंद होती! मोहल्ल्यातल्या दोन मुलींचे अर्ज तोवर राहून गेले होते. दोघींनी व्हिडिओ पाहिला होता.

तेव्हापासून पाटी मोठ्याने दोनदा वाचतो; तेवढा वेळ ती हलत नाही. फिरणं-चमकणं नावापुरतं. आणि जोडाक्षरं तुटत असतील तर फॉन्ट बदला.

चला, लॅपटॉप उघडा. आधी तारीख टाइप करा.