स्त्रियांची वाणी व आमचे कान

(दोंडाईचा येथील सभेत केलेले भाषण)



बायांना बोलता येत नाही, अशी समजूत आमच्या समाजात खोल रुजलेली आहे. ती खोटी ठरविण्यास खानदेशाबाहेर जाण्याचे कारण नाही. आखाजीला माहेरी आलेली लेक झोक्यावर बसून सासरचा सारा जाच गाण्यात घालते. पहाटे जात्यावर बसलेली माउली मनातले सगळे दळणाबरोबर बोलून टाकीत असे. वाणी होतीच, उणीव होती ती ऐकणारांची.

आसोद्याच्या लेक बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी कागदावर उतरून ठेवली म्हणून वाचली. सन १९५१ मध्ये त्या वारल्या व १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. ज्यांच्या घरी लिहून घेणारे कोणी नव्हते, त्या बायांची वाणी कोठे गेली?

लिहिणाऱ्या बाईची गत तरी काय झाली? सन १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषजातीस सरळ जाब विचारला. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सारा’त जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. पुढे मात्र ते पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. हा दोष भिक्षुकशाहीच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येईल काय? जोतीरावांचा जयजयकार करणारे आम्हीच ते पुस्तक जपले नाही.

आज कायदा बायांच्या बाजूने आहे. सन १९९३ पासून पंचायतींत त्यांना एकतृतीयांश जागा मिळाल्या; महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तरी पुष्कळ ठिकाणी खुर्चीवर बाई आणि बोलणारा तिचा नवरा, हा प्रकार चालूच आहे. दिवसभर मिरचीचे देठ खुडून संध्याकाळी मजुरीचा पैन्‌पैचा हिशेब तोंडपाठ सांगणारी बाई सभेतच मुकी का होते? कारण तिने तोंड उघडताच आम्ही हसतो, किंवा तिच्या घरधन्याकडे पाहतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. येत्या ग्रामसभेत पहिला शब्द बायांना द्या. ती अहिराणीत बोलली तर हसू नका. आणि ती जे बोलेल ते तिच्याच नावाने इतिवृत्तात लिहा, नवऱ्याच्या नव्हे.