कोमट पाण्यातला स्वेटर



दिवाळी सरली की अंदमानचा समुद्र निवळायला लागतो, मी तिथे स्कूबाच्या बुड्या मारायला निघतो आणि आमच्या घरी वजनकाटा बाहेर येतो. बॅगेच्या पट्ट्याला अडकवून उचलायचा, हुकाचा. विमानात बहुतेक वेळा 15 किलोंची एक बॅग देता येते, हातातली सातेक किलोंची वेगळी. एवढ्यात आपले कपडेही बसवायचे आणि समुद्राखालचा संसारही.

गेल्या वर्षी हा संसार पलंगावर मांडला होता. आईने त्यातला काळा रबरी सूट दोन बोटांनी उचलला आणि म्हणाली, "पाणी कोमट असतं म्हणतोस ना? मग हा स्वेटर कशाला?"

प्रश्न रास्त होता. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, या दिवसांत पाणी 28-29 अंशांच्या आसपास असतं. तेवढ्या हवेत आपण पंखा लावतो. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने ओढून नेतं. दिवसातली पहिली बुडी मजेत जाते, दुसरीही खपून जाते. तिसऱ्या बुडीत पाऊण तास झाला की दात वाजायला लागतात. कुडकुडणारा माणूस श्वासही भराभर घेतो, म्हणजे पाठीवरची टाकी लवकर रिकामी. म्हणून तीन मिलिमीटरचा सूट मी नेतोच. पाच मिलिमीटरचा मात्र नको. त्या कापडात हवेचे बुडबुडे कोंडलेले असतात, ते आपल्याला वर ढकलतात. मग खाली जायला कमरेला जास्तीचं शिसं बांधा. हा उद्योग सांगितलाय कोणी? ज्यांना थंडी वाजतच नाही, त्यांनीही निदान पूर्ण बाह्यांचा लायक्राचा सदरा घालावा. ऊन, जेलीफिश आणि प्रवाळाचे ओरखडे थंडी वाजते की नाही ते विचारत नाहीत.

आता मास्क. इथे मी हट्टी आहे. पहिल्या वर्षी मास्क भाड्याने घेतला होता. हॅवलॉकच्या नेमो रीफवर जेमतेम सहा मीटर खाली गेलो आणि काचेआड पाणी चढायला लागलं. वरची कड दाबायची, नाकाने जोरात श्वास सोडायचा, पाणी बाहेर. मिनिटभरात पुन्हा नाकापर्यंत. समोर समुद्रफुलाच्या झुपक्यात ते नारिंगी-पांढरे मासे खेळत होते म्हणे. मला दिसलं ते मीठ. वर आल्यावर कळलं, दोष अर्धा मास्कचा आणि अर्धा माझ्या मिशीचा. केसांच्या फटीतून पाणी बरोबर वाट काढतं. तेव्हापासून जायच्या आदल्या दिवशी नाकाखालची बारीक पट्टी मी कातरतो, आणि मास्क स्वतःचा नेतो. घेताना तो पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो आपला. कोऱ्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो टूथपेस्ट लावून बोटाने घासून काढायचा, नाहीतर काच धुकटतच राहते. चष्मेवाल्यांना नंबरच्या काचा बसवून मिळतात. माझ्या तशाच आहेत, म्हणून हा मास्क हरवून चालत नाही. तो हातातल्या बॅगेत, टॉर्चच्या शेजारी. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या तशाही हातातच न्याव्या लागतात.

मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटरही स्वतःचा बरा. आधीच्या बुड्यांत अंगात किती नायट्रोजन साठला असेल, याचा हिशेब तो ठेवतो. आज एक, उद्या दुसरा असा भाड्याने घेतलात, तर उद्याच्या कॉम्प्युटरला तुमचा कालचा दिवस ठाऊकच नसतो.

उरलेलं बहुतेक घरी राहू द्या. हवा भरायचं जाकीट तीन-चार किलो खातं, ते तिथे मिळतं. टाक्या आणि शिसं मुंबईहून कोण नेणार? टाकीतली हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटरही भाड्याने चालतो, फक्त दातांत धरायचा रबरी तुकडा आपला असावा. किती जणांनी तो चावलाय, याचा विचार मी करत नाही, केला तर बुडी मारवणार नाही. नवा तुकडा आणि तो आवळायची प्लास्टिकची पट्टी मिळून लिंबाएवढंही वजन भरत नाही.

आणि परतीचं तिकीट जपून काढा. अनेक बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी निदान 18 तास कोरडं राहावं लागतं. त्या 18 तासांत मी सूट गोड्या पाण्यातून काढून सावलीत दोरीवर टाकतो. पहिल्या वर्षी ओलाच कोंबला होता. जाताना साडेचौदा भरलेली बॅग येताना सतरा भरली आणि काउंटरवर मी अंदमानच्या पाण्याचं मुंबईपर्यंतचं भाडं भरलं.